मूकपटातील वेशांतर आणि ओळखीचा घोटाळा : ‘सुरेखा हरण’ (१९२१) च्या निमित्ताने

प्रास्ताविक

मराठी माणसांनी घडविलेल्या मूकपटाचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष प्रामुख्याने तीन गोष्टींकडे गेले आहे. दादासाहेब फाळके यांची जिद्द, बाबूराव पेंटर यांची चित्रकाराची दृष्टी आणि पौराणिक कथांच्या आडून प्रकट झालेली राष्ट्रीय भावना या त्या तीन गोष्टी होत. त्या मानाने मूकपटातील विनोदाचा, आणि त्यातही वेशांतरातून निर्माण होणाऱ्या प्रणयविनोदाचा विचार फारसा झालेला दिसत नाही. पौराणिक चित्रपट म्हटला की भक्ती आणि चमत्कार एवढेच आपल्या डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात आपल्या पुराणकथांच्या लोकप्रिय रूपांमध्ये लग्नाची फसवाफसवी, खोटे वर, खोट्या वधू आणि खोटे संन्यासी यांची रेलचेल आहे.

कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने १९२१ साली निर्माण केलेला ‘सुरेखा हरण’ हा मूकपट या दृष्टीने लक्षणीय ठरतो. बलरामकन्या सुरेखा, म्हणजेच वत्सला, आणि अभिमन्यू यांच्या विवाहाची ही कथा आहे. तिचा सारा डोलारा एका वेशांतरावर उभा आहे. या कथेच्या आधाराने एक प्रश्न उपस्थित करण्याचा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे. वेशांतराच्या विनोदात वेश कोण धारण करतो, ते कोणाला ठाऊक असते, आणि वेश उतरवून आपल्या जागी सुखरूप परत येण्याची सोय कोणाला असते? या तीन प्रश्नांची उत्तरे शोधू लागलो की, निव्वळ करमणूक वाटणाऱ्या कथेतून त्या काळातील समाजाची मांडणी दिसू लागते.

अभ्यासाची मर्यादा

मूकपटाच्या अभ्यासकाला आरंभीच एक उणीव मान्य करावी लागते. भारतात सुमारे तेराशे मूकपट निर्माण झाले. त्यांपैकी पूर्ण वा तुटक स्वरूपात आज उरलेल्यांची संख्या तीसच्या आसपास आहे. नायट्रेट फिल्म ज्वालाग्राही असते आणि दमट हवेत ती लवकर कुजते. बोलपट आल्यावर मूकपटांना बाजारमूल्य उरले नाही, म्हणून ते जपण्याची कोणाला गरजही वाटली नाही. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची पुण्यात स्थापना झाली ती १९६४ साली, म्हणजे मूकपटाचे युग संपून तीन दशके उलटल्यावर. जानेवारी २००३ मध्ये पुण्यातील नायट्रेट फिल्मच्या साठ्याला लागलेल्या आगीने उरलेल्यातही घट केली.

‘सुरेखा हरण’ आज पाहता येत नाही. म्हणून येथे त्यातील एखाद्या दृश्याचे रसग्रहण केलेले नाही. कथेची परंपरा, तिच्यामागील रंगभूमी, कंपनीची त्या काळातील अन्य निर्मिती आणि त्याच कथेवरील नंतरचा उपलब्ध चित्रपट यांच्या साहाय्याने हा विचार केला आहे.

रंगभूमीचा वारसा : ‘सौभद्र’

वत्सलेची कथा व्यासांच्या महाभारतात नाही. ती लोकपरंपरेने महाभारताला जोडलेली आहे. तथापि १९२१ च्या मराठी प्रेक्षकाला ती परकी नव्हती, कारण तिच्या आधीच्या पिढीची कथा त्याला पदांसह पाठ होती. ही आधीची कथा म्हणजे अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत सौभद्र’ (१८८२).

दोन्ही कथांचा सांगाडा ताडून पाहावा. ‘सौभद्रा’त बलराम आपल्या बहिणीचा, सुभद्रेचा, विवाह दुर्योधनाशी ठरवितो. वत्सलेच्या कथेत तोच बलराम आपल्या मुलीचा विवाह दुर्योधनपुत्र लक्ष्मणाशी ठरवितो. पहिल्या कथेत डावलला जाणारा अर्जुन आहे, तर दुसरीत त्याचाच मुलगा अभिमन्यू. दोन्हींत कृष्ण सारे जाणून असतो आणि भाबड्या, तापट ज्येष्ठ बंधूला हातोहात फसवितो. दोन्हींत घटोत्कच मदतीला येतो आणि वधूला उचलून नेतो. सुभद्रा एका कथेची नायिका आहे आणि दुसऱ्या कथेत वरमाय. घराण्यात एकदा घडलेला घोळ पुढच्या पिढीत पुन्हा घडतो आणि बलराम पुन्हा फसतो. ‘सुरेखा हरण’ पाहणाऱ्या प्रेक्षकाच्या हसण्यात या पूर्वपरिचयाचा वाटा मोठा असला पाहिजे.

‘सौभद्रा’तील वेशांतर अर्जुनाचे आहे. तो यतीच्या वेषात बलरामाच्या वाड्यात राहतो. सुभद्रा त्याची सेवा करते, पण त्याला ओळखत नाही. प्रेक्षकाला मात्र सारे ठाऊक असते. या प्रसंगांची रंगत शब्दांवर आणि स्वरांवर उभी आहे. यतीच्या तोंडी दुहेरी अर्थाचे बोलणे येते आणि एका अर्थाने ते सुभद्रेला कळते, दुसऱ्या अर्थाने प्रेक्षकाला. शिवाय सुभद्रेची भूमिका करणारे भाऊराव कोल्हटकर आणि पुढे बालगंधर्व हे स्वतःच वेशांतर केलेले नट होते. म्हणजे वेश घेतलेल्या पुरुषाला न ओळखणारी स्त्री हीदेखील वेश घेतलेला पुरुषच! प्रेक्षकाने या दुसऱ्या वेशांतराला वेशांतर मानावयाचे नाही, असा रंगभूमीचा अलिखित करार होता.

आवाज गेल्यानंतर

मूकपटाने या व्यवस्थेतून नेमका आवाज काढून घेतला. पद नाही, द्व्यर्थी संवाद नाही, केवळ अधूनमधून पडद्यावर येणारी अक्षरपाटी. ती पाटीही अनेक प्रेक्षकांना वाचता येत नसे, म्हणून साक्षर शेजाऱ्याने ती मोठ्याने वाचावी अशी रीत होती. मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू या चार भाषा नांदणाऱ्या सोलापूरसारख्या गिरणीगावात पाटीवरील विनोदापेक्षा शरीराचा विनोदच अधिक दूर पोहोचणार, हे उघड आहे. त्यामुळे वेशांतराची सारी भिस्त चाल, हावभाव, वस्त्रे आणि कॅमेऱ्याची करामत यांवर आली.

पहिल्या दशकात स्त्री-पुरुष वेशाचा जुना करार पडद्यावरही टिकला. ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) साठी फाळक्यांना स्त्री कलावंत मिळाली नाही आणि मुंबईच्या एका उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. ‘लंका दहन’ (१९१७) मध्ये तर साळुंक्यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. एकच शरीर पती आणि पत्नी या दोन्ही रूपांत दिसत असूनही प्रेक्षकाने त्याला ओळखीचा घोटाळा मानले नाही. कॅमेरा जवळ येतो म्हणून पुरुषाने केलेली स्त्रीभूमिका पडद्यावर टिकत नाही, असे स्पष्टीकरण पुष्कळदा दिले जाते. साळुंक्यांची लोकप्रियता पाहता ते पुरेसे वाटत नाही. करार मोडला तो कॅमेऱ्याने नव्हे. प्रत्यक्ष स्त्रिया पडद्यावर आल्या आणि तुलना शक्य झाली, तेव्हा तो मोडला.

या संदर्भात फाळक्यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’ (१९१३) या चित्रपटाचे स्थान विशेष आहे. दुर्गाबाई कामत यांनी त्यात पार्वतीची आणि त्यांच्या कन्या कमलाबाई यांनी मोहिनीची भूमिका केली. मोहिनी हे विष्णूने घेतलेले स्त्रीरूप. रंगभूमीवर पुरुष स्त्रीचा वेश घेत होता, आणि येथे स्त्रीने स्त्रीवेषधारी पुरुषदेवतेची भूमिका केली. हा उलटा प्रवास भारतीय पडद्यावर इतक्या लवकर घडला याची नोंद घेतली पाहिजे. तथापि मोहिनी हे निर्दोष सोंग आहे. तिच्यातून विष्णू कोठेही डोकावत नाही, आणि आतला माणूस डोकावल्याशिवाय वेशांतराचा विनोद सुरू होत नाही.

तीन वर्षे, तीन वेशांतरे

बाबूराव पेंटर आणि त्यांचे मावसभाऊ आनंदराव हे मूळचे नाटकमंडळ्यांचे पडदे रंगविणारे कलावंत. आनंदराव १९१६ साली निवर्तले. त्यानंतर बाबूरावांनी कॅमेरा सिद्ध करून चित्रनिर्मितीस आरंभ केला. रंगमंचाच्या मागील पडद्यावरून रुपेरी पडद्यावर आलेल्या या कलावंताच्या कंपनीने लागोपाठ तीन वर्षांत तीन चित्रपट दिले : ‘सैरंध्री’ (१९२०), ‘सुरेखा हरण’ (१९२१) आणि ‘भगवद्भक्त दामाजी’ (१९२२). या तिन्ही कथांच्या मुळाशी वेशांतर आहे, ही बाब लक्षात घेण्याजोगी आहे.

‘सैरंध्री’त अज्ञातवासातील द्रौपदी दासीच्या वेषात आहे. कीचकाला भेटीचे ठिकाण सांगितले जाते आणि अंधारात द्रौपदीच्या जागी भीम असतो. एका स्त्रीच्या जागी बलदंड पुरुष असणे ही कल्पना मुळात विनोदाची आहे, पण येथे तिचा शेवट वधात होतो. ‘सुरेखा हरणा’त तीच कल्पना लग्नमंडपात येते. वधूच्या जागी घटोत्कच बसतो आणि शेवट हशात व विवाहात होतो. ज्याला द्रौपदी हवी त्याला भीम मिळतो आणि ज्याला वत्सला हवी त्याला भीमाचा मुलगा मिळतो. एकाच युक्तीची ही रौद्र आणि हास्य अशी दोन रूपे कंपनीने लागोपाठ मांडली.

तिसरे वेशांतर सोलापूर जिल्ह्याला जवळचे आहे. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात सरकारी कोठारातील धान्य लोकांना वाटले. बेदरच्या बादशहाचा रोष ओढवला, तेव्हा पंढरीचा विठोबा विठू महार होऊन दरबारात गेला आणि त्याने धान्याची किंमत चुकती केली, अशी ही कथा आहे. बादशहा त्याला सामान्य सेवक समजतो. येथे ओळखीचा घोटाळा भक्तिरसाकडे वळतो. परंतु वर उपस्थित केलेला तिसरा प्रश्न येथे तीव्रतेने समोर येतो. देवाने महाराचा वेष घेतला आणि काम संपताच तो उतरविला. ज्याला तो वेष नव्हता, जन्मच होता, त्याला पंढरपूरच्या मंदिरात १९२२ साली प्रवेश नव्हता. तो साने गुरुजींच्या उपोषणानंतर १९४७ साली मिळाला. विठोबाने महाराचे रूप घेतल्याची कथा भक्तिभावाने पाहणारा समाज महाराला विठोबापुढे उभे राहू देत नव्हता. वेशांतराची कथा सामाजिक सीमा ओलांडल्याचा आनंद देते आणि ती सीमा जिथल्या तिथे ठेवते. हा दोष एका चित्रपटाचा नाही, तो या कथाप्रकाराच्या स्वभावात आहे.

सुरेखेचा प्रश्न

आता मूळ कथेकडे वळू. पांडवांचे राज्य जाताच बलरामाच्या घरी अभिमन्यूचे मोल उतरते. सुभद्रा मुलाला घेऊन द्वारकेबाहेर पडते. रानात अभिमन्यू आणि घटोत्कच एकमेकांना न ओळखता झुंजतात आणि मग ते भाऊ असल्याचे उघड होते. घटोत्कच द्वारकेस जाऊन वत्सलेला उचलतो, अभिमन्यूकडे पोहोचवितो आणि स्वतः तिचे रूप घेऊन नवरीच्या जागी बसतो. वऱ्हाडाला भुलविण्यासाठी मायाबाजार उभा राहतो. लग्नविधीत नवरदेवाची यथेच्छ फजिती होते आणि वऱ्हाड पळ काढते.

कथेतील ज्ञानाची वाटणी पाहिली म्हणजे एक गोष्ट दृष्टोत्पत्तीस येते. कृष्णाला सर्व ठाऊक आहे. (या चित्रपटात कृष्णाची भूमिका करणारे व्ही. शांताराम बालपणी काही काळ गंधर्व नाटक मंडळीत होते, हा योगायोगही सूचक आहे.) घटोत्कचाला आणि प्रेक्षकालाही ठाऊक आहे. बलराम, दुर्योधन आणि लक्ष्मण यांना ठाऊक नाही, म्हणून ते हास्यास्पद होतात. पण जिचे लग्न आहे ती वत्सला? बेत तिच्याविना ठरतो. तिला उचलून नेले जाते. ‘सौभद्रा’तील सुभद्रेप्रमाणेच तीही कटाचा विषय असते, कटातील भागीदार नसते. कथेचे शीर्षकच ‘हरण’ असावे यात नवल नाही. तिच्या मनासारखे घडते, परंतु तिच्या हातून काही घडत नाही.

तथापि याच ठिकाणी चित्रपट हे माध्यम कथेवर मात करू शकते. मायावी वत्सलेची भूमिका वत्सलेचे काम करणाऱ्या कलावंताकडेच यावी, हे पडद्यावर स्वाभाविक आहे. ही कलावंत स्त्री असेल, तर तिला एकाच चित्रपटात दोन स्त्रिया उभ्या कराव्या लागतात : एक कुलीन, लाजरी राजकन्या आणि दुसरी तिच्या देहात शिरलेला राक्षस. खऱ्या वत्सलेला जे वर्ज्य आहे, म्हणजे पाय फाकून बसणे, अधाशासारखे खाणे, नवरदेवाचा हात पिळणे, ते सर्व तिला येथे करता येते. राक्षसाची सबब पुढे करून एका स्त्रीचे शरीर भर मंडपात मोकळे होते. कथा जे स्वातंत्र्य वत्सलेला नाकारते, ते चित्रपट तिचे काम करणाऱ्या अभिनेत्रीला देऊ शकतो.

ही शक्यता किती फलद्रूप होऊ शकते याचा पुरावा सोलापूरकरांना दूर शोधावा लागत नाही. येथील पूर्व भागात विणकरीच्या व्यवसायानिमित्त स्थायिक झालेल्या तेलुगू भाषकांच्या घरात ही नायिका वत्सला वा सुरेखा नसून शशिरेखा आहे. के. व्ही. रेड्डी दिग्दर्शित तेलुगू ‘मायाबाजार’ (१९५७) मध्ये सावित्रीने शशिरेखा आणि शशिरेखेच्या रूपातील घटोत्कच अशी दोन्ही कामे केली. मूळ घटोत्कच एस. व्ही. रंगाराव यांचा आहे. सावित्री त्यांची छाती काढून उभे राहण्याची ढब, नसलेल्या मिशीवरून हात फिरविण्याची लकब आणि गुरगुरणारी नजर नाजूक देहात आणते, आणि कोणी येताच क्षणार्धात पुन्हा लाजरी नववधू होते. लग्नाच्या आनंदाच्या गाण्यात मध्येच तिच्या ओठांतून घंटसाला यांचा पुरुषी स्वर फुटतो. मूकपटाला जमली नसती अशी ही गोष्ट आहे. परंतु गाण्याचा तो तुकडा वगळून, आवाज बंद करून ते दृश्य पाहिले तरी घटोत्कच दिसतोच. या भूमिकेचा कणा मूकाभिनयाचा आहे, हे त्यावरून सिद्ध होते.

नायिका वेश घेते तेव्हा

‘सुरेखा हरणा’च्या आगेमागे जर्मनीत अर्न्स्ट लुबिच याच विनोदप्रकाराला वेगळे वळण देत होते. त्यांच्या ‘ऑयस्टर प्रिन्सेस’ (१९१९) मध्ये अमेरिकन धनाढ्याच्या मुलीला राजपुत्राशी लग्न करावयाचे असते. कफल्लक राजपुत्र चौकशीसाठी आपल्या नोकराला पाठवितो, मुलगी त्यालाच राजपुत्र समजते आणि घाईने लग्न उरकते. नोकराने लग्नात धन्याचेच नाव लावलेले असते. पुढे तिची खऱ्या राजपुत्राशी गाठ पडते, दोघे प्रेमात पडतात आणि आपले लग्न आधीच झाले आहे असा शोध त्यांना लागतो! येथे चुकीच्या ओळखीचे मूळ नायिकेच्या अधीरतेत आहे. तिला कोणी उचलून नेत नाही. उलट, तीच साऱ्या घराला नाचविते. लुबिच यांच्याच १९१८ च्या एका लघुपटात हीच अभिनेत्री, ऑसी ओस्वाल्डा, पुरुषी पोशाख करून रात्रीच्या शहरात हिंडते. पुरुषाचे स्वातंत्र्य आणि त्याचे जाच दोन्ही अनुभवून ती परतते. आपल्या कथांत नायिका न पाहिलेला बाजार मांडला जातो, तर तेथे नायिका स्वतः बाजार हिंडून येते.

आपल्याकडे हा टप्पा फार दूर नव्हता. मुंबईच्या इंपीरियल फिल्म कंपनीने १९२७ साली काढलेल्या आणि मोहन भवनानी यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे’ या मूकपटात सुलोचना, म्हणजे रूबी मायर्स, यांनी आठ भूमिका वठविल्या. त्यांत माळी होता, पोलीस होता, हैदराबादी गृहस्थ होता आणि गोरी युरोपीय स्त्रीही होती. टेलिफोन ऑपरेटरची नोकरी सोडून चित्रपटात आलेल्या या अभिनेत्रीने ‘हरणा’च्या कथेला उलटे केले. येथे वेश नायिका घेते, गुपित तिच्याकडे असते आणि फसतात ते इतर. सहा वर्षांत उचलून नेल्या जाणाऱ्या सुरेखेपासून पोलिसाचा गणवेश चढविणाऱ्या नायिकेपर्यंत पडद्याने केलेला हा प्रवास थोडा नाही. अर्थात ही मोकळीक महानगरी साहसपटाला मिळाली. पौराणिक चित्रपटातील कुलवधूला ती मिळण्यास वेळ लागला.

बोलपटानंतर

‘अयोध्येचा राजा’ने १९३२ साली मराठी बोलपटाचे युग सुरू केले आणि आवाज परत आला. पण रंगभूमीचा जुना करार काही परत आला नाही. बालगंधर्वांना प्रभातने ‘धर्मात्मा’ (१९३५) मध्ये एकनाथांची पुरुषभूमिका दिली. १९३७ सालच्या ‘साध्वी मीराबाई’त ते पुन्हा स्त्रीवेषात आले, पण रंगभूमीवरील यशाची पुनरावृत्ती झाली नाही. त्यानंतर मराठी पडद्यावर पुरुषाचा स्त्रीवेष उरला तो हशासाठी. ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) हे त्याचे सर्वांत लोकप्रिय उदाहरण. भाड्याच्या खोलीसाठी दोन पुरुष साडी नेसतात आणि प्रत्येक प्रसंगात आतला पुरुष डोकावतो, म्हणून आपण हसतो. घटोत्कचाची ही परंपरा आहे, मोहिनीची नव्हे.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. मूकपटातील वेशांतराचा विनोद रंगभूमीकडून आला, परंतु आवाजाच्या अभावी तो शब्दाकडून शरीराकडे सरकला.

२. ‘सैरंध्री’, ‘सुरेखा हरण’ आणि ‘भगवद्भक्त दामाजी’ या लागोपाठच्या कथा एकाच युक्तीचे रौद्र, हास्य आणि भक्ती असे तीन परिणाम दाखवितात. त्यामुळे पौराणिक मूकपटाकडे केवळ चमत्काराच्या दृष्टीने पाहणे अपुरे ठरते.

३. वेशांतराचा लाभ ज्याला वेश उतरविता येतो त्यालाच मिळतो. देव महार होऊन परत देव होतो, नट स्त्री होऊन परत नट होतो. ज्यांना आपली ओळख उतरवून ठेवता येत नाही त्यांच्या वाट्याला या खेळात केवळ प्रेक्षकाची वा वस्तूची भूमिका येते.

४. या नियमाला छेद देण्याची शक्ती कथेपेक्षा अभिनेत्रीत अधिक आहे. वत्सलेच्या देहातील घटोत्कच जेव्हा एखादी स्त्री उभा करते, तेव्हा कथेने गप्प बसविलेली वत्सला दुसऱ्या वाटेने मंडपात परत येते.

‘सुरेखा हरण’ची फिल्म आपण गमावली आहे. तिच्याबरोबर मंडपातील त्या खोट्या नवरीचा चेहराही गेला. बलरामाच्या फजितीवर प्रेक्षक हसले असणार यात शंका नाही. उचलून नेलेल्या सुरेखेकडे त्यांपैकी किती जणांचे लक्ष गेले, हा प्रश्न मूकपटाच्या पुढील अभ्यासाने विचारात घ्यावा, एवढीच अपेक्षा येथे व्यक्त करावीशी वाटते.